दुसरा आवाज

४ फेब्रुवारी, बुधवार

बँकेतल्या बाईंनी आज ड्रायव्हिंगच्या शिकवणीत गाडी मागे घेता घेता भिंतीला टेकवली. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला, पण उशिरा. माझं लक्ष गाडीत नव्हतंच, भिंतीवरच्या पोस्टरवर होतं. त्या बिचाऱ्या शंभरदा सॉरी म्हणाल्या. मी मानभावीपणे "असू दे, होतं असं" म्हणून मोकळी झाले. मास्तरीणच मागे बघत नव्हती, हे त्यांना कशाला सांगा!

पोस्टरवर तीन म्हातारे. मधला चष्मेवाला, डोकं कापसासारखं, पण गिटार तीच लाल. ती धरायची तऱ्हाही तीच, जणू कुणी हिसकावून नेणार आहे. आमचे चौघे, आमचा लाडका बँड! म्हणजे आता तिघे. बेस वाजवणारा लांब्या गेल्या वर्षी गेला. पेपरात आलं होतं, तेव्हा आम्ही दोघं जेवता जेवता थांबलो होतो. कुणी नात्यातलं गेल्यासारखे.

पुढच्या महिन्यात समुद्रकाठच्या शहरात कार्यक्रम आहे. खाली "अखेरचा दौरा" असं लिहिलंय. असं सगळेच लिहितात, पण यांच्या बाबतीत खरं असेलसं वाटतं.

घरी आल्या आल्या चपला काढायच्या आधी नवऱ्याला सांगितलं, "अरे, आपले चौघे येतायत!"

तो टीव्हीसमोर होता. म्हणाला, "येऊ देत की. चहा टाकतो."

मी हसून लोटपोट. तो नाही हसला. मग फोनमध्ये पोस्टरचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत राहिला. बोटांनी मोठा करून चष्मेवाल्याचा चेहरा बघितला. मग फोन परत दिला आणि म्हणाला, "त्या म्हाताऱ्यांना बघून काय करायचंय?" आणि उठून आत गेला.

हा माणूस! ज्याने एकेकाळी त्यांच्यासाठी परीक्षेचा पेपर अर्धा सोडला होता.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

दोन तिकिटं काढली. विचारलं नाही. विचारून कामं करायला लागले असते तर आमचं लग्नही झालं नसतं.

दुपारी दोन शिकवण्यांच्या मधे गाडीतच बसून त्यांची जुनी गाणी ऐकली. तीन-तीन मिनिटांची. सुरुवातीलाच गिटारींचा खणखणाट, ड्रम धावत सुटलेला, टाळ्या, आणि वर दोन आवाज एकमेकांच्या हातात हात घालून. चष्मेवाल्याचा पहिला, लांब्याचा दुसरा. ऐकताना वाटतं, काय मजेत आहेत! शब्दांकडे लक्ष दिलं की कळतं, ती निघून गेलेली असते. रडायचं तेसुद्धा उड्या मारत रडायचं, ही त्यांची रीत. विशीत आम्हाला ती फार पटली होती. अजून पटते.

कॉलेजच्या तळघरात आम्ही त्यांचीच गाणी बसवायचो. मिशाळ गिटारवर आणि गायला, नवरा (तेव्हा नुसता "तो सुताराचा मुलगा") ड्रमवर, मी दुसरा आवाज. तळघरात तुटकी बाकं रचलेली असायची. ओल आलेली भिंत, एकच बल्ब. तालमीनंतर तो बाकं दुरुस्त करत बसायचा, कारण त्याला मोडकं बघवायचं नाही. मी सरळ घरी जाण्याऐवजी खिळे धरून उभी राहायचे. सगळ्यांना कळलं होतं, आम्हाला सोडून.

मिशाळ परदेशी गेला, ड्रम विकले. मी गाणं कधी सोडलं ते आठवतही नाही. असं ठरवून कुणी सोडत नाही. मुलगी झाली, तिला झोपवताना गायचे, ती मोठी झाली, संपलं.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा घरी फोन. त्यांच्या दवाखान्यासाठी नवऱ्याने कपाट केलंय. त्यांनी खोल कप्पे सांगितले होते. याने गोल कोपऱ्यांचे करून दिले. सुंदर झालेत म्हणे, पण त्यात त्यांची एकही पेटी मावत नाही. खोल आणि गोल! जन्मभर लाकडात काम केलेल्या माणसाचं लक्ष असतं कुठे?

संध्याकाळी त्याला म्हटलं, तर "हं" म्हणाला. पुन्हा म्हटलं, पुन्हा "हं". नळी फुंकली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. मी तावातावाने समोर जाऊन उभी राहिले तेव्हा मान वर केली आणि इतका ओशाळला की माझंच पाणी झालं.

"करून देतो परत," म्हणाला. "माझ्या खर्चाने."

"मी खर्चाचं बोलत नाहीये रे."

"माहितीये," म्हणाला. पण मी कशाचं बोलतेय ते मलाच सांगता येईना.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

लिहू की नको असं झालंय. ही वही मुलगी वाचणार नाही आणि तो तर वाचणार नाहीच. तेव्हा लिहिते.

आज दुपारी शिकाऊ मुलाला घेऊन वर्कशॉपवरून गेले. शटर खाली. गेल्या गुरुवारीही मी फोन केला होता तेव्हा कुणी उचलला नव्हता. आज त्या पोराला त्याच रस्त्याने पुन्हा वळवलं आणि पुन्हा एकदा. शेवटी तो म्हणाला, "मॅडम, इथला वळसा जमला हो मला."

संध्याकाळी नवऱ्याला सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काम होतं का खूप?"

"हो, दिवसभर करवतीवरच होतो," म्हणाला. कपड्यांवर भुश्याचा कण नव्हता.

या वयात? मला हसू येतं आणि हसून झालं की येत नाही. पण इतर गोष्टीही आहेत. मी रात्री दिवा मालवल्यावर बोलायची, तो ऐकायचा, ही आमची जुनी सवय. हल्ली दिवा मालवला की तो मुकाच. मी विनोद सांगते, तो माझ्याकडे बघतो आणि मी हसले की मग हसतो, पाहुण्यासारखा. हॉटेलात गेलो तर माझ्या समोरची जागा सोडून डाव्या-उजव्या जागांची अदलाबदल करत बसतो. भिंतीकडे पाठ हवी म्हणे. परवा तर बाहेरून आले तेव्हा तो जुन्या स्पीकरवर तळवा ठेवून बसला होता, डोळे मिटून. मला बघून दचकला, चोरी पकडल्यासारखा. गाणं बंद केलं.

कुणासाठी ऐकत होता ते गाणं?

२२ फेब्रुवारी, रविवार

मुलगी आली होती. मी सूप ढवळत होते, तर बाहेरच्या खोलीत ती आणि तिचे बाबा. ती काहीतरी पटवत होती, तो नाही नाही म्हणत होता. मी गेले तशी दोघं गप्प. इतकी गप्प की खिडकीवरचं कबूतरसुद्धा उडालं.

निघताना तिला फाटकाशी गाठलं. "काय चाललंय तुमचं?"

"आई, बाबांना जरा वेळ दे."

"कशाला वेळ? त्यांना काय हवंय?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी शिकाऊंकडे बघते, गाडी हँडब्रेक लावूनच चालवायला निघालेल्यांकडे. "तू त्यांना त्या कार्यक्रमाला ने. ते नाही म्हणतील. तरी ने."

म्हणजे तिलाही ठाऊक आहे. मुलीला सांगितलं आणि मला नाही. मला तर वाटायला लागलंय की हे सगळे मला सांभाळून घेतायत. जावं आणि एकदाचं काय ते विचारावं, "तू मला कंटाळलास का?" पण उत्तर "हो" आलं तर त्याचं काय करू? कुठे ठेवू?

५ मार्च, गुरुवार

तिकिटं त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो म्हणाला, "तू आणि पोरगी जा."

मी म्हटलं, "पोरीला त्यातलं एकही गाणं येत नाही. मला तुझ्याबरोबर जायचंय."

त्याने माझ्या ओठांकडे बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, काही लागलंय की काय, म्हणून पुसले. मग म्हणाला, "चल. जाऊ या."

इतकं साधं! मग महिनाभर हा तमाशा कशाला?

१५ मार्च, रविवार, सकाळ

हॉटेलची खोली. खिडकीतून समुद्र दिसतो, म्हणजे दोन इमारतींच्या फटीतून निळी पट्टी दिसते. तो झोपलाय. मी सगळं क्रमाने लिहिणार आहे, कारण पुढेमागे मला हे जसं झालं तसं हवं असेल.

काल सकाळी निघालो. गाडी अर्थात मी चालवत होते. तो बाहेर बघत बसला. मी ठरवून टाकलं होतं की आज बोलायचंच. समोर रस्ता असला की मला बोलणं सोपं जातं, डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. शहर मागे पडल्यावर बोलायला लागले. गुरुवारचं शटर, मुलीशी कुजबुज, रात्रीचं मुकेपण. इतकं बोलले की घसा कोरडा पडला. शेवटी म्हटलं, "काय असेल ते सांग. मी ऐकून घेईन."

तो म्हणाला, "हो, समुद्र दिसायला लागला की थांबू."

माझं डोकं असं फिरलं की पुढे शब्द नाही बोलले. समुद्र दिसायला लागला. थांबले नाही.

हॉलवर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. पूर्वी तिथे बोटी दुरुस्त करायचे म्हणे. उंच पत्र्याचं छत, तुळयांवर गंज, दारातून खारा वारा. सगळी आमच्यासारखीच मंडळी. टकलं, गुडघ्याचे पट्टे, एकीने तर काठीला रंगीत फीत बांधलेली. जुन्या शर्टात पोटं मावत नव्हती. दारात एक पोरगी कानात घालायचे बोळे वाटत होती, आवाज मोठा असेल म्हणून. नवऱ्याने तिच्या हातातल्या पुडीकडे बघितलं आणि हसून मान हलवली. "मला नको." आणि मला ओढत थेट पुढे घेऊन गेला, ड्रमच्या बाजूला, भल्या मोठ्या स्पीकरच्या तोंडाशी. मी म्हटलं, अरे कान फुटतील! त्याने ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं, असं मला वाटलं.

ते आले. चालत आले, पूर्वी धावत यायचे. लांब्याच्या जागी कुणी नवा घेतला नव्हता. बेस मागच्या बाजूला एक मुलगी वाजवत होती. लांब्याचा माइक मात्र पुढे तसाच उभा होता. त्याच्या उंचीला लावलेला, समोर कुणी नाही.

पहिलं गाणं सुरू झालं. वरचे सूर चष्मेवाल्याला जात नव्हते. जिथे पोचायचं तिथे तो गिटार उंचावून आमच्याकडे बघायचा आणि लोक ते म्हणायचे. नवऱ्याकडे बघितलं. तो डोळे मिटून, पाय जमिनीत रोवून उभा होता. दोन्ही हात मांडीवर. हात वाजवत होते, एकेक ठोका बरोबर. किती वर्षांनी बघितले मी ते हात असे!

मग चष्मेवाल्याने दिवे कमी करायला सांगितले आणि लांब्याबद्दल बोलायला लागला. हळू बोलत होता. म्हणाला, "शेवटी शेवटी त्याला गाता येत नव्हतं. मी फोन करायचो आणि माझा आवाज गायचो. तो पलीकडे नुसता श्वास घ्यायचा. पण दुसऱ्या आवाजाच्या जागी घ्यायचा." हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. शेजारची काठीवाली बाई मुसमुसत होती.

आणि त्या शांततेत माझा नवरा दोन्ही हात वर करून मोठ्या आनंदाने ओरडला, "चला! होऊन जाऊ द्या!"

सगळ्या माना वळल्या. कुणीतरी मागून "शूः" केलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्याचा दंड धरला आणि दातओठ खात म्हणाले, "अक्कल गहाण टाकलीस का?" त्याने माझ्याकडे बघितलं, मग त्या बाईकडे, मग चष्मेवाल्याकडे. एकेक चेहरा बघत होता, भराभरा. नवीन गावात रस्ता चुकलेला माणूस पाट्या बघतो तसा. हात अजून वरच होते. मग ते हळूहळू खाली आले.

तेव्हा मला कळलं. खोल आणि गोल. चहा टाकतो. समुद्र दिसला की थांबू. जे जे मी त्याच्या मनात आहे असं धरलं होतं, त्यातलं काहीच तिथे नव्हतं.

मी त्याच्या उजव्या कानाशी गेले. त्याने मला खांद्याला धरून दुसऱ्या बाजूला घेतलं. "हा गेलाय," म्हणाला. "डाव्याचाही भरवसा नाही. करवतीचा आवाज, दुसरं काय. गुरुवारी डॉक्टरकडे जातो."

"मला का नाही सांगितलंस?" डाव्या कानात विचारलं.

"तू लगेच मोठ्याने बोलायला लागली असतीस. एकेक शब्द सुटा करून, सगळे म्हाताऱ्यांशी बोलतात तसं. मला तुझा आवाज आहे तसाच हवा होता. जोवर येतोय तोवर."

"आणि इथे यायला नको का म्हणत होतास?"

"डोक्यात ही गाणी अख्खी आहेत ना गं. इथे येऊन अर्धी ऐकली आणि तेवढीच राहिली तर?"

चष्मेवाल्याला धन्यवाद द्यायला हवेत. त्याने आमच्याकडेच बघून माइकमध्ये म्हटलं, "या साहेबांचं बरोबर आहे. लांब्या असता तर हेच ओरडला असता." लोक हसले. रडत रडत हसले. आणि ते गाणं सुरू झालं, उशिरा येणाऱ्या मुलीचं, ज्यात दुसरा आवाजच खरं गाणं आहे आणि पहिला नुसता सोबत करतो.

माइक रिकामा. लोक म्हणायला लागले, पण लोक पहिला आवाज म्हणत होते. दुसरा सगळ्यांना येत नाही. मला येतो. मी नवऱ्याच्या डाव्या कानाला ओठ लावले आणि गायले. आवाज फाटत होता, श्वास पुरत नव्हता. मधल्या ओळीला तर घसरलेच. पण थांबले नाही. अख्खं गाणं, शेवटच्या टाळ्यांसकट.

संपल्यावर त्याने डोळे पुसले आणि म्हणाला, "मधल्या ओळीत तू तळघरातसुद्धा वर चढायचीस. मिशाळ वैतागायचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीस?"

"मला ते तसंच आवडायचं."

२७ मार्च, शुक्रवार

आज कानाच्या यंत्राचा दिवस. मीही गेले. गुरुवार बदलून दवाखान्याने शुक्रवारची सकाळ दिली, तेव्हा माझी शिकवणी नसते म्हणून.

यंत्र बसवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची, पण चेहरा शाळेच्या मुख्याध्यापिकेचा. यंत्र म्हणजे घेवड्याच्या दाण्याएवढं. चालू केल्याबरोबर नवरा दचकला. म्हणाला, "हा कसला आवाज?" तिच्या हातातल्या कागदाचा होता. मग खुर्ची करकरली तर सुतार लगेच वाकून खुर्चीचा सांधा बघायला लागला. "इथे पाचर मारायला हवी," म्हणाला. तिने त्याला सरळ बसवलं.

"आता घरच्या माणसाच्या आवाजात बघू," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या मागे उभ्या राहा. ओठ दिसता कामा नयेत. नेहमीच्या आवाजात काहीही बोला. मोठ्याने नाही. आणि काका, तुम्ही जे ऐकू येईल ते तसंच परत म्हणायचं."

मी त्याच्या मागे उभी राहिले. त्याच्या मानेवर भुसा होता. मला दिवसभर जे बोलायची सवय, तेच तोंडातून गेलं. "आरशात बघ."

"आरशात बघ," तो भिंतीला म्हणाला.

"क्लच हळू सोड."

"क्लच हळू सोड."

"समोर म्हातारी आहे."

"समोर म्हातारी आहे. मागेही आहे."

"काका!" मुख्याध्यापिका ओरडली. "ऐकलं तेवढंच."

मी हसले. मग का कोण जाणे, हसणं थांबलं. तो माझ्याकडे बघत नव्हता, मला त्याचे डोळे दिसत नव्हते, गाडीत असतं तसंच. आवाज आणखी खाली आणला आणि म्हटलं, "मला वाटलं, तू मला कंटाळलास."

तो प्रत्येक शब्द नीट उच्चारत म्हणाला, "मला वाटलं, तू मला कंटाळलास."

"अगदी बरोबर," मुलगी खाली बघत लिहू लागली. "हळू आवाजातलंही येतंय. छान."

"नाही," तो म्हणाला.

"येतंय की, काका. आत्ता तर म्हणालात."

"ते ऐकलेलं होतं," तो म्हणाला. भिंतीकडेच तोंड होतं. हात मात्र खुर्चीच्या मागे आणून त्याने माझा हात शोधला. "हे 'नाही' माझं आहे."